शुक्रवार, अकरा ते चार

अकराला एक जोडपं जातं, चारला दुसरं येतं.
मधले पाच तास माझे:
चादरी, टॉवेल, शेगडीतली राख,
गरम टबाच्या पाण्यात बुडवून बघायची रंगीत पट्टी,
आणि काचेवर कुणीतरी बोटानं काढलेली मेंढी,
जी पुसणं दर वेळी जिवावर येतं.

झोपडी म्हणजे लोखंडी चाकांवरची पत्र्याची खोली.
मेंढ्या व्यायला लागल्या की
बाबा महिनाभर इथंच मुक्कामाला असायचे.
निजायला फळी, फळीखाली जाळीचा कप्पा,
आई गेलेल्या कोकरांसाठी.
आता त्या कप्प्यात वाइनच्या बाटल्या
एका कुशीवर निजतात.

शेताचं नाव हेंद्रे.
आमच्या वेल्शमध्ये हेंद्रे म्हणजे हिवाळ्याचं घर.
उन्हाळ्यात गुरं घेऊन वर डोंगरावर जायचं, ते हावोद.
पणजोबांनंतर कुणी हललं नाही.
आता पाहुणे हलतात.
त्यांना नाव उच्चारता येईना,
म्हणून फाटकावरच्या पाटीवर ‘कुजबुजतं कुरण’ असं इंग्रजीत रंगवलं.
मीच रंगवलं. अक्षर बरं आलं.

रात्रीचे दोनशे दहा पौंड.
बर्मिंगहॅमहून अडीच तास; विमान नाही, पासपोर्ट नाही,
लोक हल्ली जवळच लांब जातात.
वायफाय काढलं तेव्हा भाव वाढवला.
जाहिरातीत लिहिलं, इथं काहीही नाही,
तर मेपर्यंतचे सगळे शनिवार गेले.

मागच्या मार्चमध्ये, गारपिटीत, रात्री दोन वाजता
बाबा त्यांच्या झोपडीत शिरले.
दार वाजवलं नाही; आपल्याच दारावर कोण टकटक करतं?
कुशीत थंडगार कोकरू, जीभ निळी पडलेली.
आत डेस्मंड नावाचा दंतवैद्य आणि त्याची बायको,
दोघं पांढऱ्या झग्यांत, उभेच्या उभे.
बाबांनी एवढंच विचारलं, टॉवेल आहे का.
तिनं कपाटातले सहाच्या सहा दिले.
पहाटेपर्यंत तिघं जण शेगडीपुढे
त्याला चोळत बसले होते.

ते जगलं.
पाच तारे मिळाले, आणि खाली प्रश्न:
कोकरू आधी बुक करता येतं का?

येतं, मी म्हटलं. छप्पर गळत होतं.
‘कोकराची रात्र’, पंचेचाळीस पौंड जादा,
दूध, बाटली आणि म्हातारा धरून.
बाबा नऊ वाजता धुतलेला कोट घालून जातात,
दार वाजवतात,
फोटोसाठी टोपी काढतात.
कोकराचं पोट आधीच भरलेलं असतं, ते तोंड फिरवतं.
पाहुणे म्हणतात, लाजतंय.

परवा पुन्हा गारा पडल्या.
दीड वाजता स्वयंपाकघराचं दार उघडलं, बाबा,
भिजलेले, आणि कोटाच्या आत काहीतरी न हलणारं.
झोपडीच्या पायरीपर्यंत जाऊन आले होते.
धुराड्यातून धूर निघत होता म्हणाले,
चांगला, कोरड्या लाकडाचा.
मग मला विचारलं:
“ह्यांनी कोकरू घेतलंय का?”

मी वही बघितली.
खरं तर बघायची गरज नव्हती.
नाही, म्हटलं.

त्यांनी मान हलवली, जशी बाजारात
भाव ऐकून हलवतात.
ओव्हनचं खालचं दार उघडलं, आत गोणपाट घातलं,
आणि फरशीवर बसून
त्याच्या बरगड्यांवर अंगठा फिरवत राहिले.
मी चहा ठेवला. तो तसाच निवला.

आज अकराला पाहुणे गेले.
वहीत लिहून गेलेत: शांतता अप्रतिम.
फक्त परवा पहाटे एकदा, खालच्या घराकडून,
काहीतरी ओरडल्यासारखं वाटलं.